तुम्ही विचारलेत म्हणून: रेक्सहॅम कोणी वाचवले?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरून फुटबॉलचा सामना पाहून बाहेर पडताना कोणीतरी हमखास विचारते, की त्या दोन नटांनी वेल्समधला रेक्सहॅम फुटबॉल क्लब घेऊन वर काढला, तसा एखाद्या पैसेवाल्याने आपल्या पेठेचा संघ घेतला तर काय बिघडेल? कदाचित भलेच होईल. पण या प्रश्नात रेक्सहॅमची निम्मीच हकीकत आहे, आणि माझ्या मते ती कमी महत्त्वाची निम्मी आहे.

१८६४ साली स्थापन झालेल्या या क्लबवर डिसेंबर २००४ मध्ये कर्जापायी प्रशासक नेमण्याची वेळ आली, शिक्षा म्हणून १० गुण कापले गेले आणि हंगामाअखेर संघ खालच्या श्रेणीत घसरला. तोवरच्या मालकाचा डोळा खेळापेक्षा रेसकोर्स मैदानाच्या जमिनीवर होता. (भरवस्तीतली मोकळी जागा पाहून माणसाच्या मनात काय येते, हे आपल्याला सांगायला नको.) २००८ मध्ये तर ८७ वर्षांनंतर क्लब इंग्लंडच्या वरच्या चार श्रेणींच्या फुटबॉल लीगमधूनच बाहेर गेला.

ऑगस्ट २०११ मध्ये, हंगाम खेळायचा तर अडीच लाख पौंडांची हमी भरा, असे बजावण्यात आले, तेव्हा चाहत्यांनी एका दिवसात लाखाहून अधिक पौंड उभे केले. त्याच डिसेंबरात त्यांच्या ट्रस्टने क्लब ताब्यात घेतला, आणि पुढची नऊ वर्षे जुनी देणी फेडत, खर्चाला लगाम घालत तो चालवला. २०१३ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर खालच्या श्रेणींतल्या संघांची एफए ट्रॉफी जिंकली, पण त्याच हंगामात प्लेऑफची अंतिम लढत गमावल्याने बढती हुकली. ट्रस्टने क्लब जिवंत ठेवला, मात्र पाचव्या श्रेणीतून वर नेण्याइतका पैसा त्याच्याकडे नव्हता, हे मान्य करायला हवे.

नोव्हेंबर २०२० मध्ये रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेलहेनी या नटांचा क्लब घेण्याचा प्रस्ताव ट्रस्टच्या सभासदांच्या मताला टाकला गेला आणि ९८.६ टक्के मते बाजूने पडली. ठरलेले २० लाख पौंड कोणा विक्रेत्याच्या खिशात न जाता थेट क्लबमध्ये गेले. शिवाय क्लबचे नाव बदलणार नाही, गाव सोडणार नाही आणि शेजारच्या चेस्टरला हरवत राहू, अशी वचनेही दिली गेली. यातले शेवटचे आमच्या पेठांना लगेच समजेल.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे: २०२३ मध्ये विक्रमी १११ गुण आणि २०२५ पर्यंत लागोपाठ तीन बढत्या. तरीही २०२२-२३ च्या हंगामात क्लबला ५० लाख पौंडांहून अधिक तोटा झाला. नंतर उत्पन्न वाढले ते मुख्यतः क्लबवर निघालेल्या टीव्ही मालिकेमुळे आणि तिच्यामागून आलेल्या प्रायोजकांमुळे, आणि प्रत्येक श्रीमंताच्या मागे कॅमेरा फिरत नसतो. पुण्याच्या व्हेंकीजने २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला, तेव्हा तो प्रीमियर लीगमध्ये होता. २०१२ मध्ये तो खाली उतरला आणि वर्षानुवर्षे पैसा घालूनही अद्याप परतलेला नाही.

म्हणून विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, की उद्या खरोखरच गिऱ्हाईक आले, तर आपल्या संघाच्या वतीने 'हो' किंवा 'नाही' कोण म्हणणार, आणि त्या सभासदांची यादी कोणाकडे आहे? यावर अजून तरी चहा संपेपर्यंत आमचे एकमत झालेले नाही.