आमची वाटचाल : चौघांचा बँड, एकट्याची गिटार आणि चादरींचा स्टुडिओ

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत पहिल्यांदा येणारा माणूस आधी भिंतीला हात लावून बघतो. भिंतींवर सोलापुरी चादरी आहेत, दुहेरी टांगलेल्या. सुरुवातीला आवाज शोषणारा फोम घ्यायला पैसे नव्हते आणि आमच्या ड्रमरच्या घरचा चादरींचा कारखाना होता. झांजांची चरचर चादर बऱ्यापैकी गिळते. बेस मात्र तिला जुमानत नाही, तो कोपऱ्यात जाऊन घुमत बसतो. पुढे कोपऱ्यांत रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे, जाड थर बसवले, तेव्हा कुठे खोली ताळ्यावर आली.

आमचा बँडही त्याच कारखान्यातला. माग बंद असले की चौघे तिथे सराव करायचो. माझ्या स्वस्त गिटारला सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारं चुंबक आणि त्यावर तारेचं एकच वेटोळं, आणि कारखान्याचं अर्थिंग रामभरोसे, त्यामुळे गाण्याआधीच अँपमधून (अँप्लिफायरमधून) 50 हर्ट्झची वीज गुणगुणायची. हमबकर पिकअपमध्ये दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडून ही गुणगुण मारतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही वायरमनला शिव्या घालायचो.

पुण्यात कार्यक्रम असला की पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस, मांडीवर झांजा, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. एका कॉलेजनं 12,000 कबूल करून हातात 7,000 टेकवले. प्रवास आणि अँपचं भाडं जाऊन जे उरलं त्याचे चार वाटे. बँड पैशावरून फुटला असं आजही सगळे समजतात. खरं तर प्रत्येकाला आपला आवाज थोडा वर हवा होता, आणि सगळ्यात जास्त मला. मुंबईच्या रॉक मशीन या रॉक बँडनं 1993 मध्ये नाव बदलून इंडस क्रीड केलं, हा दाखला देत मी आमचंही नाव बदलायला निघालो होतो. आवाज कमी करायचं काही सुचलं नाही.

एकटा वाजवायला लागलो तो लूपर घेऊन. चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं, वाजवायचे, पायानं पेडल दाबायचं, ते फिरत राहतात, त्यावर पुढचं चढवायचं. पहिल्याच कार्यक्रमात पेडल अर्धा ठोका उशिरा दाबलं. बँडमध्ये असा घसरलो की ड्रमर एक रोल घेऊन सावरायचा, लोकांना वाटायचं ठरवूनच केलंय. लूपर सावरत नाही. तीच चूक चार मिनिटं, तंतोतंत. खालून कुणीतरी ओरडलं, ‘एकटाच हाय का बे?’

तरी दोन वर्षं रेटलं. वाटे नव्हते, पण वायरी, फोन, हिशेब सगळं माझ्याच गळ्यात.

स्टुडिओ काढला तो माझ्या एकट्याच्या गाण्यांसाठी. दुपारी रिकामा पडायचा म्हणून गल्लीतल्या पोरांना तासावर दिला आणि बघता बघता जागेचं भाडं त्यांच्यावरच निघायला लागलं. आता कॉलेजचे बँड येतात, तेलुगू भजनी मंडळी येतात, एक कन्नड गायक येतो. माझा अल्बम अजून अर्धाच आहे. दारातच एक नियम सांगतो, पहिला अर्धा तास गिटारच्या अँपचा आवाज चारच्या वर न्यायचा नाही. गिटारवाले तोंड वाकडं करतात. करू देत.

गणपतीआधी महिनाभर संध्याकाळचं रेकॉर्डिंग बंद असतं. बाहेर ढोल-लेझमाचा सराव चालतो आणि तो काही चादरींना रोखता येत नाही. त्या दिवसांत कारखाना सुटला की ड्रमर येऊन बसतो. लूपर मी कपाटात ठेवलेला असतो.