ओल्या ढिगाचा हिशेब

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात डांबरी मिश्रणाच्या एका प्लांटवर मी गुणवत्ता नियंत्रणाचे काम करतो. माझे दिवस एरवी चाळण्या, वजनकाटे आणि ओव्हन यांच्या सोबतीत जातात. मार्च २०२३ मधील एक दिवस मात्र गॅसच्या बिलांसोबत गेला. हिवाळ्यामुळे प्लांट बंद होता आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या दोन्ही प्लांटांसाठी, म्हणजे आमच्या आणि दुसऱ्या एका, पर्यावरणविषयक घोषणापत्र काढायचे, असे आमच्या कंपनीने ठरवले होते. एक टन मिश्रण तयार होऊन प्लांटच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत हवेत किती कार्बन गेला, याचा तो हिशेब असतो आणि तो त्रयस्थाकडून तपासून घ्यावा लागतो.

ही घोषणापत्रे नॅशनल अ‍ॅस्फाल्ट पेव्हमेंट असोसिएशन या उद्योगसंघटनेच्या ‘एमराल्ड इको-लेबल’ नावाच्या संगणकीय प्रणालीतून निघतात. संघटनेचे मुख्यालय आमच्याच राज्यात, ग्रीनबेल्ट गावी आहे. २०२२ च्या जानेवारीत तिने ‘द रोड फॉरवर्ड’ नावाचा उपक्रम जाहीर केला आणि २०५० पर्यंत या उद्योगाचे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. मला तेव्हा या साऱ्याचे फारसे कौतुक नव्हते. संघटना उत्पादकांची, तिची स्पर्धा सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यांशी, त्यामुळे ‘हिरवा रस्ता’ ही विक्रीची भाषा असणार, असे मी धरून चाललो होतो. शिवाय कोलोराडोसारखी राज्ये सरकारी कामांसाठी अशी घोषणापत्रे मागू लागली होती; म्हणजे आमच्या कंपनीचाही हेतू केवळ पर्यावरणप्रेमाचा नव्हता.

प्रणालीला सलग बारा महिन्यांची माहिती लागते. किती टन मिश्रण केले, किती गॅस, वीज आणि डिझेल लागले, खडी किती अंतरावरून आली, हे सारे भरायचे. दुपारपर्यंत मी दोन्ही प्लांटांचे २०२२ चे आकडे भरले आणि मग थबकलो. दोन्हींचे यंत्र एकाच बनावटीचे, मिश्रणे जवळपास सारखी, तरी आमच्या प्लांटला टनामागे सुमारे एक पंचमांश गॅस जास्त लागत होता.

फोरमनला बोलावले. तो प्लांटवर माझ्या दुप्पट वर्षे असलेला, शांत स्वभावाचा माणूस. त्याचे पहिले म्हणणे असे की गॅसचे मीटर चुकीचे असणार. मीटरची तपासणी आदल्याच उन्हाळ्यात झाली होती. मग खडी सुकवून तापवणाऱ्या बर्नरवर संशय गेला. त्याचाही दाखला ठीक होता. मिश्रणाचे तापमान तर मीच रोज नोंदवतो, त्यात दोन प्लांटांमध्ये फरक नव्हता.

उत्तर माझ्याच टेबलावरच्या वहीत होते. ढिगांतल्या खडीचा ओलावा मी रोज सकाळी मोजतो. नमुना तोलायचा, ओव्हनमध्ये सुकवायचा, पुन्हा तोलायचा. पट्ट्यावरच्या ओल्या खडीचे वजन कोरडे समजले गेले तर बिटुमेनचे प्रमाण चुकते, म्हणून हा आकडा नियंत्रण कक्षात द्यावा लागतो. (आपण सर्रास ज्याला डांबर म्हणतो ते दगडी कोळशाचे डांबर नव्हे, खनिज तेल शुद्ध केल्यावर उरणारे बिटुमेन असते, पण रस्त्याला डांबरीच म्हणायची सवय माझीही सुटत नाही.) इतकी वर्षे मी तो आकडा केवळ बिटुमेनसाठी वाचत आलो होतो. दुसऱ्या प्लांटची वही मागवून शेजारी ठेवली, तेव्हा दिसले की जाड खडीचा ओलावा दोन्हीकडे सारखाच होता, पण बारीक कच आणि रस्त्यावरून खरवडून आणलेला जुना माल यांचा ओलावा आमच्याकडे सरासरी तीन टक्क्यांनी जास्त होता.

हे दोन घटक मिळून आमच्या मिश्रणाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग होतो, म्हणजे एकूण मिश्रणात दीड टक्क्याच्या वर जास्तीचे पाणी. मिश्रणातील ओलावा एका टक्क्याने वाढला की सुकवण्याचे इंधन दहा टक्क्यांच्या आसपास वाढते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे, आणि आमचा एक पंचमांशाचा फरक त्यात जवळपास बसत होता. जुन्या मालाचे पाणी तर अधिकच महागात पडते, कारण तो थेट ज्योतीसमोर नेला तर त्यातले बिटुमेन जळते. म्हणून नवी खडी गरजेपेक्षा जास्त तापवून तिच्या उष्णतेने तो गरम केला जातो. तो ओला असला की नव्या खडीला आणखी तापवावे लागते. पर्यावरणासाठी म्हणून जो माल आम्ही अभिमानाने वापरत होतो, त्याच्यातले पाणी उकळण्यासाठीच आम्ही गॅस जाळत होतो.

जुन्या मालाचा वापर या देशात लहानसहान नाही. संघटना २००९ पासूनच्या वर्षांची पाहणी प्रसिद्ध करते. त्या वर्षी सुमारे ५.६ कोटी टन जुना माल नव्या मिश्रणात गेला होता, तर २०२१ मध्ये साडेनऊ कोटी टनांच्या जवळपास गेला. मात्र त्यातला किती माल भिजलेला होता, ते अशा आकड्यांतून समजत नाही.

संध्याकाळच्या आत आम्ही दोघे ढिगांपाशी गेलो. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, त्यामुळे कारण शोधावे लागले नाही. ढिगांखालची जमीन मातीची होती आणि तिचा उतार प्लांटच्या बाजूला होता. लोडर ज्या बाजूने माल उचलतो, नेमके तिथेच सारे पाणी उतरून साचत होते, आणि चालक बादली अगदी तळाला टेकवून भरत असल्याने सर्वांत ओला थर आधी पोटात जात होता. दुसऱ्या प्लांटवर ढिगांखाली फरसबंदी आहे आणि तिचा उतार उलट्या बाजूला आहे, हे फोरमनला माहीत होते. ते चिखल टाळण्यासाठी केले असावे, असे त्याला वाटत आले होते.

जुन्या मालावर ताडपत्री घालू या, असे मी सुचवले. त्याने नकारार्थी मान हलवली आणि तो बरोबर होता: ताडपत्रीखाली वाफ साठून पुन्हा पाणी होते, तर उघड्या ठेवलेल्या उंच ढिगावर स्वतःचीच एक कवची धरते आणि बरेचसे पाणी तिच्यावरून ओघळते. घालायचेच असेल तर बाजू मोकळ्या असलेले छप्पर हवे, आणि त्याला पैसे लागतात. त्याने लोडरच्या चालकाला बोलावून ढिगाची उंचावरची बाजू दाखवली आणि हंगामात माल इकडूनच उचलायचा, बादली जमिनीपासून वीतभर वर ठेवायची, असे सांगितले. पुढे एप्रिल-मेमध्ये, प्लांट सुरू करताना फुकट जाणारे मिश्रण साठवून त्याने ढिगांखालची जमीन स्वतःच बांधून घेतली.

या घोषणापत्राची एक उणीव माझ्या मनातून अजून जात नाही. हिशेब फाटकापाशी थांबतो. रस्ता पंधरा वर्षे टिकला की पाच वर्षांत उखडला, याची त्यात नोंद नाही. फक्त कागदावरचा आकडा पाहून कंत्राट दिले, तर कमी गॅसचा पण लवकर फुटणारा रस्ता जिंकू शकतो, आणि मिश्रणाची गुणवत्ता तपासणाऱ्या माणसाला हे सोसवत नाही. तरीही दोन प्लांटांच्या वह्या एका टेबलावर आणण्याचे काम याच कागदाने केले, हे मला मान्य करावे लागते.

वरिष्ठांनी विचारले की सुधारणा झाल्यानंतरच्या महिन्यांचे आकडे देता येणार नाहीत का. येणार नव्हते, सलग बारा महिने हवेत, आणि पावसाचे महिने गाळता येत नाहीत. म्हणून आमच्या प्लांटचे घोषणापत्र २०२२ च्या ओल्या ढिगांच्या आकड्यासह निघाले, दुसऱ्या प्लांटपेक्षा जास्त कार्बन दाखवणारे, आणि ते तसेच निविदेला जोडले गेले.