थ्रसक्रॉसच्या पाण्याखालच्या गिरण्या

इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या वायव्येला वॉशबर्न नदीचं खोरं आहे. तिथल्या थ्रसक्रॉस धरणात वेस्ट एंड नावाचं गाव गेलं. धरण पुरं झालं १९६६ साली. धरणात गाव गेलं म्हटलं की आपल्याला मुळशी, कोयना आठवते, भरल्या घरातून उठवलेली माणसं आठवतात. वेस्ट एंड मात्र पाणी चढण्याआधीच बरंचसं ओस पडलं होतं, कारण त्याच्या गिरण्या कधीच थंडावल्या होत्या.

या गिरण्या जवसाच्या. आपण जवस चटणीला वापरतो. इथे कामाचा तो देठ. देठ कुजवायचे, वाळवायचे, झोडपून काड्या पाडायच्या, लोखंडी दातांच्या फणीतून तंतू विंचरायचे, मग कातायचे. चाकं नदीच्या पाण्यावर फिरत. पुढे वाफेची इंजिनं आली आणि धंदा कोळसा नि रेल्वे असलेल्या लीड्सकडे सरकला. या खोऱ्यात रेल्वे आलीच नाही.

मी इचलकरंजीची. आमच्या घरामागेच माग होते, आईच्या केसांत कायम कापसाचे बारीक तंतू असायचे आणि शाळेतून आलं की आम्ही पोरं कांड्या भरायला बसायचो. त्यामुळे पाण्यात उतरत गेलेल्या इथल्या दगडी बांधांकडे बघताना मला गिरणीत कोण राबत होतं, हेच आधी विचारावंसं वाटतं.

त्याचं उत्तर खोऱ्यात थोडं खाली, फ्यूस्टन गावच्या चर्चच्या आवारात मिळालं. तिथे वारसा केंद्राच्या बांधकामाआधी उत्खनन झालं आणि दीडशेहून अधिक माणसांचे सांगाडे निघाले. त्यांत आठ ते वीस वर्षांच्या मुलांचं प्रमाण फार मोठं होतं. दातांतल्या रासायनिक खुणांवरून कळलं की त्यांतली बरीच या भागातली नव्हतीच. बहुधा लंडनच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहांतून ती ब्लबरहाउसेस गावाजवळच्या गिरणीत शिकाऊ कामगार म्हणून पाठवली गेली होती. वयाच्या मानाने ती खुजी होती. हाडांवर मुडदुसाच्या, उपासमारीच्या, छातीच्या आजारांच्या खुणा होत्या. त्या मुलांना पगार नव्हता, राहणं-खाणं तेवढं मिळे.

उन्हाळा कडक गेला आणि पाणी खूप उतरलं की वेस्ट एंडचे अवशेष बघायला गर्दी होते. बुडालेल्या पुलाचे फोटो निघतात. जाणाऱ्यांनी फ्यूस्टनलाही जावं, असं मला मनापासून वाटतं. मुलांचे ते अवशेष २०१६ साली त्याच आवारात पुन्हा विधिवत पुरले आहेत.