२१४ डोंगरांची यादी

आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला चालायचा मनस्वी कंटाळा. प्रेस्टनच्या लायब्ररीतून तिने ते पुस्तक उचललं ते चित्रांसाठी, डोंगर तिच्या डोक्यातही नव्हते. आल्फ्रेड वेनराइट या गृहस्थांनी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या २१४ डोंगरांवर सात पुस्तकं लिहिली, १९५५ ते १९६६ दरम्यान ती निघाली. मजकूर, नकाशे, दगडी कुंपणं, सगळं पेनाने हातानं काढलेलं. हा माणूस केंडल गावच्या नगरपालिकेत हिशेब सांभाळायचा. गाडी चालवत नसे. सुट्टीला बसने जाऊन डोंगर पालथे घालायचा आणि रात्री घरी बसून पानं काढायचा. पहिली शंभर पानं झाल्यावर त्याला उजवीकडची कड सरळ वाटेना, म्हणून सगळी रद्द करून पुन्हा लिहिली. लेकीला हे भलतंच आवडलं. मला धास्ती वाटली, कारण तिचा गृहपाठ आधीच खोडरबराने वही फाटेपर्यंत चालतो.

इकडे 'वेनराइट्स' पूर्ण करणारे खूप. यादीवर एकेक शिखर खुणा करत वर्षानुवर्षं फिरतात, आपल्याकडे किल्ले करतात तसेच. एके दिवशी जेवताना लेकीने जाहीर केलं, "मी पण करणार. आधी कॅट बेल्स."

कॅट बेल्स ४५१ मीटरचा. नाशिकहून आलेल्या तिच्या आजीने कळसूबाई केलेली, तीही नऊवारीत, त्यामुळे "ह्याला डोंगर म्हणतात?" हा शेरा आला. लेकीने पुस्तक पुढे केलं. "आजी, इथे लिहिलंय, आज्या आणि लहान मुलं हा डोंगर बरोबर चढू शकतात."

"लिहिण्याआधी त्या बाबाने माझ्या गुडघ्यांना विचारलं होतं का?" म्हणत आजी बूट शोधायला उठल्या.

केझिकहून लाँचने हॉझ एंडला उतरलो. चढण सरळ आहे, पण वाटेत खडक लागतो आणि तिथे हात टेकावे लागतात. लाखो बुटांनी घासून तो गुळगुळीत झालाय. लेक मध्येच थबकली. दोन्ही तळवे दगडावर, एक पाय हवेत, मागे रांग. बाबा काहीतरी समजावायला लागले, तोवर आजी खालून ओरडल्या, "उजवीकडे खाच आहे बघ, देवळाच्या पायरीएवढी! पाय टाक!" तिने टाकला. माथ्यावरून खाली डरवेंटवॉटर तळं दिसल्यावर आम्ही फोटो काढले. तिने मात्र वही काढून तोच खडक काढला, खाचेजवळ बाण करून.

पुढे हेस्टॅक्स झाला. वेनराइटची रक्षा १९९१ मध्ये तिथेच टाकली. त्याने आधीच लिहून ठेवलं होतं, की या डोंगरावर बुटात खडा गेला तर जरा आदराने वागा, तो मी असेन. लेकीने खरंच बूट काढला, खडा तळहातावर घेतला, "सॉरी" म्हणाली आणि हळूच गवतात ठेवला.

हेल्व्हेलिनला मात्र ढग उतरले आणि "आज नको" असं तीच म्हणाली. मला ते शिखर गाठण्यापेक्षा मोठं वाटलं. लहान मुलांनी इतक्या दिवसांत २१४ संपवले, अशा बातम्या अधूनमधून येतात. त्या पाठवणाऱ्या नातेवाइकांना मी उत्तर देत नाही. फॅमिली ग्रुपवर "किती झाले?" विचारलं की लेक मात्र वहीतल्या पानाचा फोटो टाकते, आकडा नाही.

स्काफेल पाइक, ९७८ मीटर, इंग्लंडमधला सर्वांत उंच. तो तिने यादीत सगळ्यात शेवटी ढकललाय. डिसेंबरात नाशिकला जाणार आहोत, तिथल्या डोंगरांची पानं ती स्वतः काढणार. पहिलं पान कशाचं, हे आजींनी परस्पर ठरवून टाकलंय: पांडवलेणी. पायऱ्या आहेत म्हणे.