शॅक बंद असतात तेव्हा मसाई मारा

गोव्यात शॅक बंद असतात, त्याच जुलै ते सप्टेंबरात केनियाच्या मसाई मारा राखीव क्षेत्रात विल्डेबीस्टचे (हरणाच्या जातकुळीतला मोठा प्राणी) कळप असतात. राहायला राखीव क्षेत्राला लागून असलेली कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेली खासगी जमीनच निवडा. तिथली जमीन मसाई कुटुंबांची, कॅम्पवाले तिचं भाडं देतात. हे भाडं कुटुंबांपर्यंत कसं पोचतं ते बुकिंगआधी विचारा. गोलमोल उत्तर आलं तर दुसरा कॅम्प बघा. मसाई वाटाड्यासोबत पायी फिरणं आणि रात्रीची सफारी इथेच होते, राखीव क्षेत्रात नाही.

खरी अडचण परतताना येते. यलो फीवर लशीचं प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरण. म्हणून लस आधीच घ्या. नैरोबीहून माराला जाणाऱ्या छोट्या विमानात साधारण 15 किलो सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. प्लास्टिक पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे, खाऊ कापडी पिशवीत बांधा.

समुद्रासाठी नैरोबी-मोंबासा रेल्वे, मग लिकोनीची फेरीबोट, पुढे डियानी. हा किनारा मूळचा दिगो लोकांचा. मसाई तिथे कामासाठी येतात. ओहोटीला पाणी खूप मागे सरतं, म्हणून पोहायचं भरतीची वेळ बघून. फोटो मात्र सगळीकडे विचारूनच.