संत्री समुद्रात, गाडी धुक्यात

नागपूरकराला डोळ्यांदेखत संत्री समुद्रात फेकलेली बघायला लावणं ही शिक्षाच. मलेशियात पेनांगला चाप गोह मेच्या रात्री, म्हणजे चिनी नववर्षाच्या पंधराव्या रात्री, मी ती भोगली. तिथल्या जॉर्जटाउन शहरात समुद्रकाठच्या एस्प्लनेडवर कठड्याशी पोरींची झुंबड, हातात संत्रं, त्यावर मार्करनं नाव आणि मोबाइल नंबर. मनात काहीतरी म्हणायचं आणि भिरकवायचं. खाली पोरं जाळी घेऊन टपलेली.

फोनवर आईला सांगितलं, तर म्हणते, "अवो माय, खायाचं सोडून पान्यात कायले फेकतेत?" तिकडे नेमका संत्र्याचा मृग बहार बाजारात आलेला, त्यामुळे तिचा जीव जास्तच तुटला.

जुन्या काळी इथल्या सुखवस्तू चिनी घरांतल्या लग्नाच्या मुलींना उंबरठा ओलांडायची बंदी असे. या एका रात्री मात्र नटूनथटून, गाडीत बसून समुद्रकाठी फेरी मारायची मुभा. त्यांनी संत्रं टाकून चांगला नवरा मागायचा, मुलांनी लांबून न्याहाळायचं. बघण्याचा कार्यक्रमच, फक्त कांदेपोहे नाहीत.

मला आठवली ती मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याची गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्याच दिवशी, तिकडे जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड भिरकावतात. का, तर पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली आणि भर नदीत दोघांवर दगड बरसले, अशी कथा. नदीत रोवलेल्या पळसावरचा झेंडा निघेपर्यंत शेकडो लोक जखमी होतात, जीवही गेलेत. प्रेमापायी काही फेकायचंच असेल तर संत्रं परवडलं, हे शेवटी आईलाही पटलं.

प्रेमाचं झालं, आता भुताचं. क्वालालंपूरहून पूर्वेला डोंगर ओलांडून जाणारा कराक हायवे इथे बदनाम आहे. रात्री पुढे एक पिवळी जुनी फोक्सवॅगन रखडत चाललेली दिसते. वैतागून ओव्हरटेक करावं, तर थोड्या वेळानं तीच पुन्हा पुढे. आत ड्रायव्हर नाही! आपला चकवाच, फक्त चार चाकांवर. ऑफिसातल्या मित्रासोबत त्या रस्त्यानं जाताना मी मोठ्या उत्साहानं विषय काढला, तर त्यानं नुसतं रेडिओचं बटण फिरवून आवाज वाढवला. अशा गोष्टी घरी पोचल्यावर बोलायच्या, वाटेत नाही, हा इथला दंडक. तो इंजिनिअर आहे बरं का.

हसायची सोय नाही. आपला समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि 2023 मध्ये सिंदखेडराजाजवळ अपघात टळावेत म्हणून महामृत्युंजय यंत्र पुरून जपही झाला. पुढे त्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, तो भाग वेगळा. कराकला निदान घाट आहे, वळणं आहेत, पाऊस-धुकं आहे. भुताला दबा धरायला जागा तरी आहे. समृद्धीवर सरळसोट सिमेंट, ना झाड ना वळण, एकसुरी रस्त्यानं डोळे जड होतात. तिथलं भूत बिचारं उभं तरी कुठे राहणार?