आमची वाटचाल: शहाबादीपासून मॅट टाइलपर्यंत

कराडला वडिलांनी फरशीचं दुकान टाकलं तेव्हा माल म्हणजे शहाबादी, कडप्पा आणि थोडा कोटा. न्हाणीघरात शहाबादीच जायची, तीही खडबडीत. दिसायला काळपट, पण साबणाच्या पाण्यातही पाय धरून ठेवायची. पुढे गुजरातमधल्या मोरबीहून टाइल्सच्या गाड्या यायला लागल्या, गिऱ्हाइकाला खालीसुद्धा चकचकीतच हवं झालं आणि आमचा नफाही त्या चमकेवरच वाढला. ते नाकारण्यात अर्थ नाही.

दुकान माझ्याकडे आल्यावर बाथरूमच्या जमिनीसाठी ग्लॉसी टाइल देणं बंद केलं. भिंतीला हवी तितकी न्या. काही गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली. घरात म्हातारी माणसं असलेली मात्र आमच्याकडे येऊ लागली.

हल्ली माहिती काढून आलेला माणूस थेट विचारतो, ‘आर ११ आहे का?’ आर ९ ते आर १३ हे जर्मन चाचणीचे वर्ग. तेल लावलेल्या उतारावर बूट घातलेला माणूस चालवतात, उतार वाढवत नेतात आणि तो कितव्या अंशाला घसरतो ते बघतात. कारखाने, हॉटेलांची स्वयंपाकघरं यांच्यासाठी ठीक. आपल्याकडे अंघोळीला बूट घालून कोण जातं? अनवाणी पायांची, साबणाच्या पाण्यातली चाचणी वेगळी आहे. तिचे वर्ग ए, बी, सी. अनुक्रमे १२, १८ आणि २४ अंशांपासून पुढे. शॉवरखाली निदान बी मागा. पुष्कळ खोक्यांवर हे छापलेलंच नसतं. मग आम्ही टाइलवर साबणाचं पाणी ओततो आणि गिऱ्हाइकाला चपला काढून, काउंटर धरून तिच्यावर उभं करतो. साड्यांच्या दुकानात असलं काही करावं लागत नाही!

फार खरखरीतही नको. आमच्या भागात बोअरचं पाणी. क्षार आणि साबण खाचांत बसले की वर गुळगुळीत थर चढतो. मग लोक ॲसिड ओततात, त्यानं सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं. बारीक दाण्याची मॅट टाइल ब्रशनं घासली तरी पुरते.

सध्या दोन बाय चार फुटी टाइलची हवा आहे. छोट्या बाथरूममध्ये एवढ्या तुकड्याला जाळीकडे चारही बाजूंनी ढाळ देता येत नाही, तिरपे काप घ्यावे लागतात. नाहीतर पाणी कोपऱ्यात साचतं. फूट बाय फूट घेतली तर ढाळ नीट बसतो, शिवाय सांधे जास्त म्हणून पकडही जास्त. आर्किटेक्ट नाकं मुरडतात. त्यांना आम्ही कापायची मजुरी आधीच सांगतो.